वरच्या वाडीचा बाप्तिस्मा

२ फेब्रु., रवि.
सात हात! वरच्या वाडीत आज बाप्तिस्म्यासाठी सात हात वर झाले. सखूबाय, तिचे दोन मुलगे, दोन सुना, थोरल्याची दोन कॉलेजातली पोरं. खात्रीसाठी पुन्हा विचारलं. पुन्हा सात. वाड्या पालथ्या घालून घालून चपला झिजल्या, माझ्या शिकवण्यातून एकही माणूस पाण्यात उतरलं नव्हतं. आणि आज एकदम अख्खं घर.

प्रवचनाचा विषय: भारा. घाटातून गवताचा भारा घेऊन उतरणारी बाई, मानेच्या शिरा ताठ, पायाखाली खडी, आणि कुणीतरी म्हणतं, दे इकडे, मी घेतो. दाखला माझा, कुठून उचललेला नाही. सखूबायने पदराने डोळे पुसले.

दगडूदादा नेहमीसारखा लांब बांधावर. गावदेवीच्या पालखीचा मानकरी माणूस, पण प्रत्येक सभेला हजर, ते फक्त खोडा घालायला. "मिस्त्री, भारा दिला त्याच्याकडं, मग गुरांनी काय खायाचं?" हशा. मी म्हटलं, "दादा, तुम्ही आधी भारा उचला तर खरं!" जास्त मोठा हशा.

मंदाला घरी येऊन तीनदा सांगितलं. म्हणाली, "ऐकलं. तिथंच होते मी. आता जेवा."

४ फेब्रु., मंगळ.
पाळकसाहेब महाडच्या चर्चमधून दुकानात आले. टेबलावर पंपाची मोटार उघडी, माझे हात वार्निशचे, तसाच नमस्कार. "सात? देवाची स्तुती असो." आणि लगेच, "नीट समजलंय ना त्यांना, मिस्त्री?"

हे बरं आहे. साहेब कॉलेजात शिकले. मी मोटारींच्या तारा भरता भरता शिकलो, एकटा, बायबलची दोन भाषांतरं शेजारी ठेवून, शब्दाला शब्द लावून. न समजण्यासारखं मी बोलतच नाही. तसं म्हटलं नाही. "हवी तर परीक्षा घ्या," म्हटलं. हसले. १६ तारीख ठरली, रविवार सकाळ, सावित्री नदीचा डोह.

दुकान लवकर बंद करून डोह बघून आलो. बांबू घालून पाहिलं. काठाला गुडघाभर, मध्ये छातीभर. असल्या कामात अंदाज चालत नाही.

७ फेब्रु., शुक्र. व. वाडी.
बाप्तिस्म्याआधीची शिकवणी. पाप, पश्चात्ताप, तारण. एकेक शब्द सोलून दिला. सखूबाय तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "हो, हो" म्हणते. असे विद्यार्थी भाग्यानं मिळतात.

दगडूदादा उगवलाच. "मिस्त्री, ही सगळी पाण्यातून वर आली, की म्होरल्या महिन्यात शिमगा. पालखी दारात येनार. मग तिची वटी भरायची का नाय?"

प्रश्न चांगला, वेळ वाईट. सगळ्यांचे चेहरे एकदम उतरले. "ते हळूहळू कळत जाईल," म्हटलं आणि गाणं सुरू केलं. टाळ्या छान पडल्या. वातावरण पुन्हा जमलं. कुठे थांबायचं हे कळणं, यालाच...

पांढरे कपडे सगळ्यांकडे आहेत. थोरल्याचा शर्ट क्रीम रंगाचा. चालेल.

१० फेब्रु., सोम.
लिहू की नको.

सखूबायचा पंप दुरुस्त करून वर द्यायला गेलो. पडवीत सात नारळ, शेंड्या राखून सोललेले.
"हे कशाला?"
"घरातल्या मानशी एक. बुडी मारली की फोडायचे."
"सखूबाय, बाप्तिस्म्याला नारळ नसतो."
"तुमच्यात नसंल. आमी बोललोय ना!"

मग सगळं बाहेर आलं. धाकटी सून वैशाली, लग्नाला सहा वर्षं, मूल नव्हतं. मी पहिल्यांदा वाडीत गेलो तेव्हा तिच्यासाठी प्रार्थना केली होती. त्याच दिवशी सखूबाय मनात बोलली, पोर राहू दे, घरादारानं तुझ्या नावाची बुडी मारू. आता वैशालीला चौथा लागलाय. देवीला साडी बोलली होती, ती मार्गशीर्षात नेसवली. महाडच्या दर्ग्यात चादर, ती मागच्या महिन्यात घातली. येशूचं तेवढं राहिलंय.

"तिघांना सांगितलेलं. कोनी ऐकलं आपल्याला काय ठावं? कोनाचंच ठिवू नये."
"आणि बुडी मारल्यावर?"
"मंग मोकळं की!"

म्हणजे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. त्यानंतर मी जे जे बोललो, भारा, पाप, पश्चात्ताप, ते सगळं... वाऱ्यावर? ते डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं मग? विचारलं. "माजी आई भाऱ्याखालीच गेली, मिस्त्री. तिची आठवन आली."

११ फेब्रु., मंगळ.
मंदाला सांगितलं. तावातावाने. लोकांना कितीही फोड करून सांगा, वगैरे. ती भांडी लावत होती. म्हणाली, "मागचं सोडावं लागतं, हे सांगितलं होतं का तुम्ही?"
"म्हणजे काय! किती वेळा!"
"मी सगळ्या सभांना होते. भारा सोडा म्हणालात. भारा कुणालाही सोडायला आवडेल."

सगळी प्रवचनं मनात फिरवून पाहिली. विषय, दाखला, शेवट. माझी आठवण पक्की आहे, हीच पंचाईत. नाही सापडलं.

पण मग उरलेलं अजून सांगायचंच आहे! म्हणजे काहीच बिघडलेलं नाही. गुरुवारी वर जातो.

१३ फेब्रु., गुरु.
आजच्यासारखं कधी बोललो नव्हतो. दाखला नाही, गाणं नाही. सरळ सांगितलं. हा एकाच्या मागे जायचा रस्ता आहे. नवसाचा नाही, वाटणीचा नाही. देव्हारा उठेल, भावकी तोंड फिरवेल, पालखी दारावरून पुढे जाईल. माझं काय काय गेलं तेही सांगितलं. अंगावर काटा आला, माझ्याच.

हात वर करा म्हटलं नाही. आणि मग सखूबाय रडायला लागली. हे रडणं वेगळं.
"मंग आमचा नवस कसा फिटायचा? पोटातल्याला काय झालं म्हंजे? तुमी आमचा नवस अडवून ठिवलाय, मिस्त्री!"

मी तिच्या पायरीवर बसलो. म्हटलं, तो नवस धरून बसत नाही. त्याला तुमच्याकडून काही नको. पोराला काही होणार नाही, तुमचं काही राहिलेलं नाही.
"असं कुटं असतं?" म्हणाली.

वैशाली आतल्या दारात उभी होती. दगडूदादा चपला घालून निघून गेला. त्याच्या टोमण्याची वाट पाहिली, चक्क.

१५ फेब्रु., शनि.
महाडला जाऊन पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, विचारलं होतं ना मी! तसं काही म्हणाले नाहीत. "येतो मी उद्या. पाण्यात मात्र कुणाला घेणार नाही. ते आले तर बोलू." चहा पाजला.

१६ फेब्रु., रवि.
आले! सातही जण, पांढऱ्या कपड्यांत, पिशवीत नारळ. मागोमाग दगडूदादा. पा.सा. पुढे होऊन समजवायला लागले, तर सखूबाय थांबेचना. "तुमी नका बुडवू. आमाला येतंय." साडीचा काष्टा मारला, नाक धरलं आणि गडप! वर आली ती हसतच. "फिटला बाबा!" मागून मुलगे, थोरली सून, पोरं. आरडाओरडा, पाणी उडवणं, थंडीनं दात वाजताहेत. खडकावर नारळ फुटले. खोबरं आमच्या हातावर. पा.सा.नी खाल्लं. मी हातात धरून उभा.

आनंदात होती सगळी. खरंच होती. त्यांच्याकडे बघून मला राग येईना.

वैशाली काठावर. कोरडी.
"चल गो, येकच बुडी!" सासू पाण्यातून हाका मारतेय.
"नाय."
"का गो? थंडी वाजते?"
"मिस्त्री म्हनले ना, त्याला काय नकोय. मग त्यानं दिलं कशाला?"

माझ्याकडे बघून विचारलं. तीन उत्तरं तयार होती, अध्याय-वचनासकट. तिन्ही बरोबर. एकही तिला द्यावंसं वाटेना. "विचार करून सांगतो," म्हटलं. मी!

दगडूदादा विडी पेटवत म्हणाला, "मिस्त्री, आज कोनीतरी तुझं ऐकलं बग." टोमणा होता की काय, ठरवता येत नाही.

१८ फेब्रु., मंगळ.
सकाळीच सखूबायचा फोन. "एक बुडी ऱ्हायली. मानशी एक बोललेलो. तुमी सांगा तिला, तुमचं ऐकंल ती."

काय वेळ आली! ज्या बाप्तिस्म्यासाठी एवढी पायपीट केली, तो घ्यायला सासूच सुनेला ओढतेय, आणि मी म्हणतोय, नाही, नका बुडवू तिला, तिचं तिला ठरवू द्या. सखूबाय चिडली. "कसले वो तुमी परचारक!" फोन वैशालीकडे.
"मिस्त्री, इचार झाला?"
"अजून नाही."
"बरं. मी पन करतेय."

एवढंच. पण दुकान उघडलं नाही. पुस्तकं काढून बसलो, दोन्ही भाषांतरं. का दिलं? ज्याला काही नको, तो देतो का? एवढी वर्षं बोलतोय, पण हा प्रश्न मी स्वतःला तरी कधी...

मंदाला विचारलं. "तुला काय वाटतं? का दिलं त्यानं?"
पीठ मळत होती. म्हणाली, "मला कुठं कुणी विचारलं होतं? तुम्ही पाण्यात उतरलात म्हणून मी उतरले."

बारा वर्षं झाली त्याला. रोज प्रार्थनेला शेजारी बसते. कुठलंही गाणं न बघता म्हणते.

दोन्ही पुस्तकं मिटली. म्हटलं, "आणि आता?"

हात पिठाचेच. माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "आता विचारा ना."