इराची तपासणी

अहो,

मी सेकंड शिफ्टला निघाले. इरा शेजारी विजयश्रीताईंकडे आहे, आल्या आल्या तिला घेऊन या.

कांजिण्यांच्या साथीमुळे शाळा बंद, म्हणून तुम्ही तिला कंपनीतली तपासणी शिकवलीत ना? बरोबर असेल तर हिरवी टिकली, चुकलं की लाल. आज तिने आपली सगळी अक्षरं स्वतःच तपासली आणि माझं टिकल्यांचं पाकीट संपवलं. पोळी वाकडी झाली म्हणून माझ्या कपाळावरही लाल लावली! हसून हसून पुरेवाट झाली. ‘ळ’ तेवढा तुम्ही गिरवून घ्या.

कॅलेंडरवर रविवारी तुम्ही ‘ओव्हरटाइम’ लिहिलंय, त्यावरही लाल टिकली आहे. काढू नका. तिचा हात तिथवर पोचत नाही, मीच तिला उचलून घेतलं होतं.

स्वरूपा