गाठीची कड

१२ जानेवारी

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच मिळालं. तुझ्या वहिनीने आधी फोडलं, मग मला दिलं, आणि वर मला विचारते की बहीण एवढं काय लिहिते रे! इकडे सगळं ठीक. सध्या चष्मेवाल्याची मोठी पाटी अंगावर घेतली आहे. अक्षरं लांबून दिसायला हवीत आणि जवळून सुंदरही हवीत, असा त्याचा हट्ट. दोन्ही हवं तर दोन पाट्या लाव, म्हटलं. अजून रुसलाय.

बरं, एक विचारायचं होतं. तुम्ही सोन्याचे कण करता, ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण अंगात सोडून वर प्रकाश टाकला की लाल उजळतात, असं तू लिहिलं होतंस. मागे मी त्यावर तुझी थट्टा केली, की सोनं दिसतच नसेल तर मिरवणार कसं. ती थट्टा सोड. मला सांग, अंगात गाठ असेल तर ती नेमकी कुठे संपते आणि चांगलं मांस कुठे सुरू होतं, ते त्या उजेडात कळतं का? माझ्या ओळखीत एकजण आहे. त्याच्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी गाठ आहे. डॉक्टर म्हणतात की कड दिसत नाही म्हणून भोवतालचं बरंच काढावं लागेल, अंगठाही जाईल. माणूस हातावर पोट असलेला आहे, म्हणून विचारतो.

जेवत जा. प्रयोगशाळेतल्या उंदरांना वेळेवर मिळतं, तसं स्वतःलाही देत जा.

तुझा,
दादा

—

३ फेब्रुवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार.

दादा, तू माझ्या कामाबद्दल आपणहून विचारलंस! पत्र दोनदा वाचलं, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही वाचून दाखवलं.

तर ऐक. आमचे कण केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक. एवढं बारीक केलं की सोनं पिवळं राहतच नाही. बाटलीत नुसतं फिकट तपकिरी पाणी दिसतं. ते उंदराच्या शेपटीच्या शिरेत सोडायचं. बरेच कण लघवीवाटे निघून जातात, पण गाठीत काही रेंगाळतात. मग काळ्या पेटीत उंदराला झोपवून कॅमेरा लावायचा. परवा एका उंदराच्या पायातली गाठ अशी स्वच्छ उजळली, की तू रंग भरण्याआधी खडूने अक्षर आखतोस ना, अगदी तशी कड! आमचे सर क्वचित हसतात, ते हसले.

तेव्हा तुझ्या त्या माणसाला सांग, धीर धर म्हणावं. माणसांवर चाचण्या लवकरच सुरू होतील, मग सर्जनना नेमकं तेवढंच कापता येईल. अंगठा गमावायची घाई कशाला?

वहिनीला म्हणावं, पत्र फोडायचंच असेल तर निदान उत्तर तरी लिहीत जा.

तुझी लाडकी (दुसरी आहे कोण?),
खारू

—

९ जुलै

चि. खारूस आशीर्वाद.

तू म्हणायचीस म्हणून लिहीत नाहीये. लिहायची वेळ आली म्हणून लिहिते.

तो ओळखीतला माणूस म्हणजे तुझा दादाच. तुला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. आज ती मोडते आहे. जानेवारीत गाठ वाटाण्याएवढी होती. डॉक्टर म्हणाले, आत्ता काढू, अंगठ्यावर निभावेल. तुझं पत्र आलं आणि हा अडून बसला. मी काही म्हटलं की एकच उत्तर, बहीण त्यातलीच आहे, ती सांगते धीर धर. तुला दोनदा विचारलंही त्याने, लवकरच म्हणजे केव्हा, आणि तू दोन्ही वेळा लवकरच असंच लिहिलंस.

आता गाठ लिंबाएवढी आहे. ब्रश धरवत नाही. शाळेच्या भिंतीवरचं काम अर्धं सोडून आला आणि माळ्यावर जाऊन रंगाचे डबे उगाच इकडचे तिकडे करत बसला. काल डॉक्टर म्हणाले की आता मनगटापासून काढावं लागेल, आणि तेही आजच्या आज ठरवलंत तर.

तुला बोल लावायला लिहीत नाही गं. पण तो माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुझं ऐकेल.

तुझी,
वहिनी

—

१४ जुलै

ती. दादास,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

आमचं सोनं अजून कित्येक वर्षं उंदरांच्या पलीकडे जाणार नाही. किती वर्षं, ते मला माहीत नाही, सरांनाही माहीत नाही. कदाचित कधीच जाणार नाही. पुष्कळ कण यकृतात अडकून बसतात, ते पुढे काय करतील ते आम्ही अजून तपासतोच आहोत. आणि ती खडूने आखल्यासारखी कड एकाच उंदरात दिसली होती. बाकीच्यांत नुसता लाल फराटा होता, कुठे गाठ आणि कुठे मांस, आम्हालाही सांगता येईना. मी तुला तो एक उंदीर लिहिला, बाकीचे लिहिले नाहीत. तू पहिल्यांदाच काही विचारलं होतंस, मला मोठं व्हायचं होतं तुझ्यासमोर.

दादा, वाट पाहू नकोस. मी शुक्रवारी निघते आहे. मी पोचेन तेव्हा तू हॉस्पिटलात भरती झालेला असायला हवास. माझं एवढं एकच ऐक, आणि मग आयुष्यात पुन्हा काही ऐकू नकोस.

खारू

—

२ ऑक्टोबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

हे डाव्या हाताने लिहितो आहे, सावकाश वाच. जखम भरली. तपासणीत पुढे कुठे काही पसरलेलं दिसलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. चष्मेवाला येऊन गेला; त्याच्या दुकानावरच्या माझ्या पाटीखाली उभा राहून रडलाही म्हणे, मला मात्र ते वहिनीकडून कळलं. नसलेला अंगठा अजून खाजतो. खाजवायचा कुठे, ते डॉक्टरांनाही माहीत नाही.

तू इथे होतीस तेव्हा पलंगाशी बसून नुसती माफी मागत होतीस. तेव्हा सांगायचं राहिलं, ते आता लिहितो. अंगठा जाईल असं कळलं, त्याच दिवशी मी ठरवलं होतं की कापू द्यायचं नाही. मग निमित्त शोधत होतो. तुझं सोनं नसतं, तर एखादा झाडपाल्यावाला सापडला असता. मी भ्यालो, खारू. त्याचं सगळं श्रेय तू एकटीने घेऊ नकोस. तू थोडं जास्त लिहिलंस, मी ते बरंच जास्त वाचलं. अंगठा वाचवायला गेलो आणि हात घालवून बसलो. हे रोज सकाळी उठल्यावर आठवतं, आणि आठवत राहणार.

वहिनी सांगत होती की तू ते काम दुसऱ्या मुलीला देऊन टाकलंस. ते परत माग. माझ्यासारखे अजून पुष्कळ असतील, त्यांना गाठीची कड कुणीतरी दाखवायला हवी. फक्त ते फराटेवाले उंदीर आधी लिहीत जा, आणि कुणी विचारलं की लवकरच म्हणजे केव्हा, तर माहीत नाही असं लिही. अवघड आहे, पण जमेल तुला.

माझा लोभ आहेच, तो मागायची गरज नाही. तुझा मात्र हवा आहे.

दादा