मध्ये दुभाजक नसलेला रस्ता

२ फेब्रुवारी, सोमवार
सायलीचा कामाचा पहिला दिवस. तिकडे इंग्लंडात हेरेफर्डहून सकाळी साडेसातला निघाली, म्हणजे आपले शारजाचे साडेअकरा. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना व्यायाम करवायचा, फिजिओ. घरं सगळी त्या ए-४९ रस्त्याच्या आजूबाजूला. ऑफिसने छोटी गाडी दिली आहे. इकडचं लायसन्स तिकडे नुसतं बदलून मिळतं, टेस्ट नाही काही नाही. हे ऐकून सगळ्यांना आनंद झाला होता. मला सोडून.

संध्याकाळी लॅपटॉपवर तो रस्ता काढला. रॉस, हेरेफर्ड, लिओमिन्स्टर (म्हणायचं लेम्स्टर), लडलो, श्रूझबरी, तसाच वर चेशायर आणि त्याच्याही पुढे. फोटोतून एकेक टप्पा पुढे सरकता येतं. तासभर सरकत होते. हमरस्ता म्हणे! मध्ये दुभाजकच नाही. एक पांढरी रेघ, संपलं. दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, वळणापलीकडचं काही दिसत नाही. इथे अल मजाजमध्ये, रुंद रस्त्यांवर वाढलेल्या माझ्या पोरीला समोरून गाडी अंगावर येते म्हणजे काय, हेच माहीत नाही.

सुनील नुकताच उम्म अल कुवैनहून फॅक्टरीतून आला होता. "बाईसाहेब, इंग्लंडचं आरटीओ बंद करा आता. भूक लागलीय."

४ फेब्रु., बुध.
दुपारची सुट्टी ड्रायव्हिंग इन्स्टिट्यूटच्या गाडीतच काढते. सायली तिकडे गाडी चालवताना तिचा फोन स्टँडवर, मी स्पीकरवर. तिनंच सांगितलं तसं करायला. मी काही मागे लागले नव्हते. (लागले होते.)

माझ्या गाडीत माझ्या पायाखाली एक जादाचा ब्रेक असतो. पंधरा वर्षं त्याच्या भरवशावर बायकांना शिकवते आहे. आज ती "ओह, ट्रॅक्टर" म्हणाली आणि माझा पाय खाली गेला. गाडी बंद होती, शारजात होती, तरी गेला.

"आई, यू आर ब्रीदिंग सो लाउडली."

६ फेब्रु., शुक्र.
लिहून काढते.

मला सुट्टी. गवार निवडत होते, फोन समोर. सायली एका शेतावरच्या आजोबांकडून निघाली होती. अरुंद वाटेवरून मोठ्या रस्त्याला लागायचं होतं. मी विचारलं, "गाड्या आहेत?"
"नोप. एम्प्टी."
आणि मी म्हणाले, "यल्ला, निघ. राइट पकड. राइट सोडू नको."

दिवसातून पन्नास वेळा म्हणते मी हे, कारण इथे गाड्या उजवीकडून चालतात; तिकडे डावीकडून. तोंडातून असं सहज गेलं की मला कळलंसुद्धा नाही. आणि तिनं ऐकलं. ती माझ्याच गाडीत शिकली ना, याच आवाजावर.

मग हॉर्न, लांबलचक. काहीतरी घासल्याचा आवाज. मग काही नाही. मी हाका मारत होते, किती वेळ कोण जाणे. शेवटी, "आय ॲम ओके. आई, आय ॲम ओके." आणि मग रडणं.

दुधाचा टँकर होता. त्याने करकचून ब्रेक लावला, हिने गाडी झुडपात घातली. आरसा गेला, दार खरवडलं. तिला काही लागलं नाही. टँकरवाला उतरून तिच्यापाशी दहा मिनिटं थांबला म्हणे.

काही लागलं नाही. हे मी दहा वेळा लिहिलं तरी…

७ फेब्रु., शनि.
सुनीलला तिनं परस्पर फोन करून सांगितलं. तिची चूक झाली, कन्फ्यूज झाली. माझं नाव नाही. तो मलाच समजावत बसला. "नवीन आहे, होतं असं. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

मला तिचा मेसेज आला होता : बाबांना काही सांगू नकोस. इट्स फाइन.

पोरीनं माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली. लाज वाटते.

१० फेब्रु., मंगळ.
सायलीच्या ऑफिसने सांगितलंय, पुढच्या सोमवारपासून पुन्हा गाडी. हे काम गाडीशिवाय होत नाही. जमत नसेल तर आत्ताच सांग, आम्ही दुसरं माणूस बघतो. नोकरीवर व्हिसा आहे, त्यामुळे पुढचं काही बोलायला नको. मी म्हणाले, ये परत. म्हणाली, "टू डू व्हॉट, आई?"

आज हिल्डाचा क्लास. वसईची, एका ऑफिसात रिसेप्शनवर आहे, तीनदा नापास झालेली. गाडी वळणावर आली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. राइट म्हणायचं, बरोबर तेच आहे इथे, तरी जीभ उचलेना. हिल्डाने भर चौकात गाडी थांबवली. मागे हॉर्नवर हॉर्न. "मॅडम, तुम्ही ओरडा माझ्यावर. गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते."

१२ फेब्रु., गुरु.
सुनीलला सांगितलं. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी. सगळं, शब्द न् शब्द.

त्याने ऐकून घेतलं आणि तो हसला. चक्क हसला. "पंधरा वर्षं तेच बोलतेस, तुझ्या तोंडून दुसरं काय निघणार?" मग माझा चेहरा बघून थांबला. म्हणाला, "फोनवर राहायचं असेल तर रहा. पण तोंड उघडू नकोस."

चिडले त्याच्यावर. बरोबर बोलला म्हणून जास्त चिडले.

१५ फेब्रु., रवि.
सायलीला म्हटलं, उद्यापासून मी कॉलवर नाही. ती म्हणाली, नाही, रहा. "आय नीड समवन देअर."
"अगं, मीच तुला टँकरपुढे घातलं."
"आय नो, आई." एवढंच. राग होता की नव्हता, कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

१६ फेब्रु., सोम. दुपारी
गाडीतच लिहितेय.

साडेअकराला कॉल आला. मी माझा आवाज बंद करून ठेवला. ती एकटीच बोलत होती. लेम्स्टर गेलं. पाऊस आहे. समोर घोडे नेणारी गाडी. एका आजींचं काम झालं, पुन्हा शेतातल्या वाटेवरून रस्त्याच्या तोंडाशी आली. वायपरचा आवाज येत होता. गाडी थांबली.

"आई, कुठली साइड?"

माझं बोट आवाजाच्या बटणावर गेलं.

"आई? आर यू देअर? लेफ्ट ना?"

बटण दाबून आवाज सुरू केला. लेफ्ट हा शब्द अगदी ओठांवर होता, आणि मला खात्री वाटेना की तोच बाहेर पडेल. म्हणाले, "सायली, मला विचारू नकोस. तू बघ आणि तू ठरव."

इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली.

मग म्हणाली, "ओके. आई, मी आता कॉल ठेवते." आणि ठेवला. आजवर कॉल नेहमी मीच संपवलाय, तिनं कधीच नाही.

बारा पस्तीसला ठेवला. आता सव्वा वाजलाय. फोन करावासा वाटतो आणि तिनं तो चालवताना उचलला तर, म्हणून करत नाही.