तांबेऱ्यासाठी वीस अंश

३ ऑगस्ट
लॅबचा ठरावीक तापमान राखणारा ग्रोथ चेंबर बंद पडला. पार्ट यायला तीन आठवडे म्हणे. पॉप्लर झाडाच्या पानांवरचा तांबेरा, म्हणजे ती केशरी बुरशी, माझ्यासाठी तीन आठवडे थांबणार आहे का? निर्णय: प्रयोग घरी. बेडरूम २० अंश, स्टोअररूम २८. माझं म्हणणं साधं आहे. वीसला तांबेरा फोफावतो, अठ्ठावीसला मान टाकतो. हे सिद्ध झालं की प्रमोशन पक्कं.
बायको काहीच बोलली नाही. म्हणजे पाठिंबा.

४ ऑगस्ट
चाळीस काचेच्या बश्या. प्रत्येकीत पाण्यावर तरंगणारा पानाचा तुकडा, खालची बाजू वर. त्यावर तांबेऱ्याची पूड फवारली. वीस बश्या हिच्या ड्रेसिंग टेबलवर, हिच्या वस्तू तात्पुरत्या खोक्यात.
हिने विचारलं, एसी चोवीसवर नाही का चालणार, गुडघे धरतात. समजावलं, चोवीसला तांबेऱ्याचा मूड जातो. शाल काढून दिली. मी स्वतः स्टोअररूममध्ये गादी टाकली आहे. त्याग दोन्हीकडून.
संकल्प: प्रयोग संपला की हिला फिरायला न्यायचं. उबदार ठिकाणी.

६ ऑगस्ट
लॅबमधून दोनदा फोन. उचलला नाही, मोजमाप चालू होतं.
बेडरूमच्या दाराशी उभी राहून ही काहीतरी सांगत होती. म्हटलं, आत ये नाहीतर बाहेर जा, पण दार लाव, तापमान बिघडतंय. तिने दार लावलं. ऐकते बिचारी.

७ ऑगस्ट, सकाळी ७
बेडरूम १९.५! कालपर्यंत चोख २० होतं.
फ्रिजमध्ये जेवणाचे डबे ओळीने, प्रत्येकावर वार लिहिलेला. हिने छान सिस्टिम सुरू केली आहे. कौतुक करायचं राहिलं. उद्या नक्की.

८ ऑगस्ट
पुन्हा १९.५. अर्धा अंश म्हणजे चेष्टा नाही. खिडकीच्या फटींना टेप लावली, दाराखाली टॉवेल कोंबला. फरक शून्य.
एसीवाल्याचा नंबर सापडेना, म्हणून हिला फोन केला. तिने नंबर दिला आणि विचारलं, आणखी काही विचारायचंय? म्हटलं, नाही, एवढंच. आवाज लांबून येत होता. गच्चीवर असावी.

९ ऑगस्ट
एसीवाला आला. सगळं उघडून बघितलं. म्हणाला, साहेब, मशीन ठणठणीत आहे. या खोलीत आधी कोणी झोपायचं का? माणसाच्या अंगाची ऊब असते, तेवढा फरक पडतो.
म्हटलं, बायको झोपते की इथे.
तो पलंगाकडे बघत राहिला. मग मीही बघितलं. चादरीवर एक सुरकुती नव्हती. खोकं नव्हतं.
मेहुणीला फोन केला. हो, इथेच आहे, तीन दिवस झाले, म्हणाली. मी म्हटलं, न सांगता? मला हे एसीवाल्याकडून कळावं? तर म्हणे, सांगून आली आहे, दाराशी उभी राहून.

१० ऑगस्ट
रुसली आहे. चार दिवसांत येईल. संसारात असं चालायचंच. फोन करून मस्का लावायचा नाही, उगाच सवय लागते.
प्रयोग मात्र वाचवायला हवा. हिची गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी इथेच राहिली आहे. ती भरून हिच्या जागेवर पांघरुणाखाली ठेवली. तासाभरात २०.०. शाबास!
पांघरूण नीट करायला गेलो आणि तिथेच बसून रडलो. किती वेळ, ते नोंदवलेलं नाही.

११ ऑगस्ट
सातवा दिवस. सिद्ध! वीसच्या पानांवर केशरी फोडच फोड, बोट लावलं की पूड. अठ्ठावीसच्या चारच बश्यांत काहीतरी, तेही मलूल. आनंदाने ओरडून हिला हाक मारली. दोनदा.
मग फोन केला. तिने अभिनंदन केलं. टोमणा नाही, राग नाही, अगदी मनापासून केलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ ऑगस्ट
डायरेक्टर म्हणाले, बेडरूममधले आकडे कोण धरणार? पार्ट लवकर आला, चेंबर सहा तारखेलाच सुरू झाला. दोन फोन केले, तुम्ही उचलले नाहीत.
घरी येऊन बश्या रिकाम्या केल्या. एसी बंद. हिला फोन लावला. म्हटलं, चुकलो. तुझ्याशिवाय हे घर मला सोसवत नाही. खोली आता तू म्हणशील तेवढी गरम ठेवतो, तीस म्हण, पस्तीस म्हण, पण ये.
ती म्हणाली, अहो, मी थंडीमुळे नाही गेले. शाल होती की अंगावर. मी घरात नाही हे तुम्हाला एसीवाल्याने सांगितलं.

शनिवारी उरलेले कपडे न्यायला येणार आहे. तेव्हा तुम्ही लॅबमध्ये असाल ना, असं विचारलं. हो म्हणालो.