एका किलोमीटरच्या आत

१४ मे, गुरुवार
आज दिवस बरा गेला. तालुक्याहून शाळेचे साहेब आले होते, अंतर बघायला. कशाचं अंतर, ते काही बोलले नाहीत. त्यांची जीप पल्याडच्या मोठ्या गावात थांबलेली. तिथून आमच्या चिंचवस्तीला रस्त्यानं यायचं म्हणजे येलदरी धरणाच्या पाण्याला पूर्ण वळसा, अकरा किलोमीटर, त्यात निम्म्या रस्त्याची खडी उखडलेली. फोन मला आला. अंगणवाडीची बाई म्हणून वस्तीचे सगळे फोन मलाच. म्हणलं, साहेब, कशाला उन्हात फिरून येता? पाणी मागं सरलंय, मधून सरळ चालत या. मी येते न्यायला.
गेले. मधी नुसता वाळलेला गाळ, त्यात आमच्या लोकांनी टरबूज, काकडी लावलेली. वेलावरचं टरबूज फोडून दिलं साहेबांना. वीस मिनिटांत वस्तीत. हातातल्या मोबाईलकडं बघून म्हणाले, "अहो, हे तर एका किलोमीटरच्या आतच आहे की!"
मी म्हणलं, "मग! तुमाला उगंच लांब वाटायलंय."
लय खुशीत गेले साहेब.

१५ मे
आमच्या शाळेच्या सरांचा फोन. एकच सर, चार वर्ग, सोळा लेकरं. सुट्टीला गावी गेलेत. "सुमनताई, साहेबांना कुठून आणलं?" सांगितलं. मग म्हणाले, बरं.
काय बरं? काही कळेना.

८ जून, सोमवार
कळलं.
सरांनी मारुतीच्या पारावर पत्र वाचून दाखवलं. पट कमी, जवळची शाळा एका किलोमीटरच्या आत, सबब विद्यार्थी तिकडं वर्ग करण्यात यावेत. म्हणजे आमची शाळा बंद. म्हणजे श्रावण-भाद्रपदात पाणी दारापर्यंत आलं की लेकरांनी पाण्यावरून जायचं. माझी आरू तिसरीत आहे.
वस्तीतला केशवदादा सगळ्यांसमोर म्हणाला, "सुमन, तूच आणलीस गं बाई साहेबाला बोटाला धरून." लोक हसले. मला भडकायला तेवढं पुरलं. म्हणलं, तुमी काय झोपले होते का? टरबूज फोडायला तर तुमीच पुढं होतात! मग घरी येऊन रडले. राग आला की मला रडू येतं, हे एक माझं वाईट.
आरूचे पप्पा जाळं विणत बसलेले. म्हणाले, "तुला काय मालूम? पाव्हण्याला उन्हात फिरू दिलं असतं तर तुलाच झोप लागली नसती."
खरं आहे. आमच्याकडं कुणीबी येऊ दे, आधी जवळची वाट दाखवायची. लहानपणापासून तेच केलं.

१० जून
सर म्हणाले, अर्ज करा. नुसतं रडगाणं नको, वस्तीची रीतसर माहिती जोडा. तीन मथळे लिहून दिले: भौगोलिक स्थिती, हवामान, लोकसंख्या. त्यांची बदली पाथरीकडं झालीय. जाताना फळ्यावरची तारीखसुद्धा पुसून गेले. भला माणूस.
लिहायचं मीच ठरवलं. वाट मी दाखवली, तर निस्तरायचं पण मीच.

११ जून
भौगोलिक स्थिती. बसले लिहायला आणि पहिल्याच ओळीला अडकले. वस्तीच्या पूर्वेला काय? जूनमधी विचाराल तर जमीन. सप्टेंबरमधी विचाराल तर पाणी. आमची वस्ती उन्हाळ्यात मोठी होते, पावसाळ्यात लहान. नकाशा कोणत्या महिन्याचा धरायचा?
ह्यांना विचारलं. म्हणाले, लिही, तिन्ही बाजूंनी पाणी. म्हणलं, आत्ता कुठंय? "आत्ता न्हाई, पण हाय." असं कसं लिहू?
शेवटी दोन्ही लिहिलं. महिन्यासकट.

१२ जून
हवामान. ऊन असं की चार महिने पत्रे तापून घरात बसवत नाही. थंडी पण कडक, काठावर जास्तच बोचते. पाऊस आमच्याकडं कमी. पण धरणाचं पाणी आमच्या पावसावर नसतं. वर पूर्णा नदीच्या अंगाला पडला की आमच्याकडं कडक ऊन असताना पाणी चढतं. परवा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आपलं हवामान दुसऱ्याच्या घरी ऱ्हातंय." तेच लिहून टाकलं, जरा सभ्य भाषेत.

१४ जून, रविवार
लोकसंख्या. दिवसभर घरोघर. हे सगळ्यात बेजार काम.
घरं एक्केचाळीस. त्यातले मासे धरणारे आम्ही सात घरं. मेंढरंवाले नऊ. बाकीचे शेती नि मजुरी. पण माणसं? मेंढरंवाले दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघतात, पावसाला परत. पाच घरं ऊसतोडीला जातात. आठ तरणी पोरं पुण्याला, त्यांची नावं इथं, अंथरूण तिकडं. धरायची का नाही?
ज्ञानोबामामा कालच मेंढरं घेऊन परतलेत. त्यांना विचारलं, मामा, तुमी वर्षात किती महिने इथं? म्हणाले, "पोरी, जीव बाराही महिने हितंच हाय. पाय तेवढे फिरतेत." आणि मग डोळा मारून, "मेंढरं धरलीस का मोजणीत? दोनशे वाढतील."
त्यांच्या घरची चार लेकरं दिवाळीनंतर जातात, म्हणून तर पट कमी दिसतो. मी त्यांना धरलं. खोटं आहे का? जूनमधी तर नाही.

१६ जून
शाळा उघडली. पल्याडची. सकाळी सोळा लेकरं गाळातल्या पायवाटेनं ओळीनं निघाली, मी बांधावर उभी. आमच्या शाळेला कुलूप. आरूनं एकदाबी मागं वळून बघितलं नाही.
अर्ज टपालानं पाठवला. शेवटी एक ओळ स्वतःच्या मनानं घातली: साहेब, एकदा भाद्रपदात येऊन बघावे.

३ जुलै
लिहू का नको असं झालंय, पण इथं नाही तर कुठं लिहू.
आरूला तिकडची शाळा आवडलीय. तिच्या वर्गात बावीस पोरी-पोरं आहेत. इथं तिच्या वर्गात ती एकटीच होती. मोठा टीव्ही आहे, त्यावर कविता दाखवतात. खो-खोत घेतलंय तिला. काल जेवताना सांगत सुटली, तोंडातला घास तोंडातच. मैत्रिणीचं नाव सायली. सायली असं म्हणते, सायली तसं करते.
मी इकडं अर्ज करायलेय आणि लेक तिकडं फुलायलीय. मग मी भांडायलेय कुणासाठी? माझ्याच चुकीसाठी का? केशवदादा टोचून बोलला म्हणून?
ह्यांना म्हणलं. ते म्हणाले, पाणी येऊ दे, मग बघू.

२९ जुलै
अर्जाला उत्तर नाही. फोन केला, साहेब मीटिंगमधी. दुसऱ्यांदा केला, साहेब जेवायला. तिसऱ्यांदा उचलणारा म्हणाला, बाई, अर्ज आहे फाईलला. म्हणलं, फाईल कुठंय? म्हणाला, टेबलावर. चला, टेबलापर्यंत तरी पोचला.

१९ ऑगस्ट
आलं. पाणी रात्रीतून नाही, तीन दिवस हळूहळू. इथं थेंब नाही, कडक ऊन, आणि पायवाट चिकट झाली. आज परत येताना आरूचा पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला. मामांच्या नातवानं ओढून काढलं. चप्पल आतच राहिली. घरी आली ती हसत. मी मात्र तिला उगंच एक धपाटा घातला. का, ते मलाच सांगता येईना.

२४ ऑगस्ट
पायवाट गेली. रस्त्यानं अकरा किलोमीटर, एसटी नाही. चार दिवस लेकरं घरी. मग ह्यांनी तराफा बांधला, मासे धरायचा नेहमीचा नव्हे, मोठा. थर्माकोलच्या लाद्या जाळ्यात गच्च बांधून, खाली बांबू. एका खेपेला पाच लेकरं. चार खेपा जायच्या, चार यायच्या.
सगळे म्हणाले, दत्ता हाय तर भ्या न्हाई. ह्यांचा हात खरंच चांगला आहे पाण्यात. पण वारं सुटलं की तराफा गिरकी घेतो. मी काठावर उभी राहते तेव्हा श्वास धरूनच असते.
पाठवू नको म्हणलं तर आरू रडते. सायलीशी पैज लागलीय म्हणे, शंभर टक्के हजेरीची.

८ सप्टेंबर
वारं. तिसरी खेप मधीच अर्धा तास अडकली. कुणाला काही झालं नाही. कुणाला काही झालं नाही, हेच रोज लिहायचं का मी?

१६ सप्टेंबर
साहेबांचा फोन! स्वतः. "बाई, तुमचा अर्ज वाचला. हवामान दुसऱ्याच्या घरी राहतं, हे छान लिहिलंय." शुक्रवारी पाहणीला येतात. दुपारी चारच्या सुमाराला, आधी पल्याडच्या शाळेत, मग इकडं.
सगळ्या वस्तीत सांगून आले. केशवदादा म्हणाला, आता शहाण्यासारखं वाग बाई.
मी ठरवलंय. ह्या वेळी न्यायला कुणी जायचं नाही. तराफा शुक्रवारी दुपारनंतर सोडायचाच नाही. साहेबांनी रस्त्यानं यावं, अकरा किलोमीटर, खड्ड्या-चिखलातून. त्यांच्या कंबरेला कळू दे अंतर.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "आणि लेकरं?" त्यांना साहेब आणतील की जीपमधी. दोन खेपा होतील.
"बरं न्हाई दिसत," एवढंच बोलले. पाव्हणा काठावर येऊन उभा राहणार नि आपण बघत बसायचं, हे त्यांच्या जिवाला लागलंय. माझ्या पण लागलंय.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
दुपारी साडेचार. काठावर आम्ही सगळे. पल्याडच्या काठावर साहेब, आणि शाळा सुटलेली सोळा लेकरं. मधी पाणी, वारं बेताचं. इतकं जवळ की आरूचं लाल दप्तर ओळखू आलं.
फोन आला. "बाई, मुलं म्हणतात तराफा येतो. पाठवा की, मीही येतो त्यावरून."
ह्यांनी दोरी सोडलीसुद्धा. सवयीनं. मी हात धरला.
म्हणलं, "साहेब, आज तराफा न्हाई यायचा. तुमी रस्त्यानं या."
"अहो, समोर तर दिसतंय गाव!"
"दिसायलंय, साहेब. पण तुमी रस्त्यानं या."
असं तोंडावर कुणाला नाही म्हणायची माझ्या जन्मातली पहिलीच वेळ. तिकडं लेकरं हात हलवायलेली, त्यांना वाटलं आम्ही बघितलंच नाही. मामांचा सगळ्यात लहाना नातू रडायला लागला, ते पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं. बायका माझ्याकडं बघायल्या.
मग जीप निघाली. पहिल्या खेपेत लहानी नऊ. पाऊण तास लागला. दुसरी खेप येईपर्यंत दिवे लागले. साहेब उतरले, बूट चिखलानं भरलेले. मोबाईलमधी काही लिहिलं. शाळेचं कुलूप बघितलं, अंगणवाडी बघितली. पाणी प्याले. कुणाला रागावले नाहीत. "बघतो," म्हणाले. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.
मला वाटलं, जमलं. जेवताना आरूला विचारलं, जीपमधी साहेब काय बोलले गं?
"विचारत होते, रोज कोण आणतं."
"मग?"
"पप्पा आणतात म्हणलं. रोज आणतात, आजच का आले न्हाईत काय मालूम."
ह्यांचा हात ताटातच थांबला. म्हणजे आज मुद्दाम सोडला नाही, हे साहेबांना कळलं. पण लेकराला काय म्हणणार? खरंच बोलली. खोटं बोलायला तिला मी सांगितलंच नव्हतं, ते एवढं माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि सांगितलं असतं तरी बरं झालं असतं का?
"आणखी काय विचारलं?"
"तराफ्यावर भ्या वाटतं का म्हणले. मी म्हणलं, न्हाई."
मी विचारलं, खरंच नाही वाटत?
ती बापाकडं बघायली. ते उठून हात धुवायला बाहेर गेले तेव्हा हळूच म्हणाली, "वाटतं. लय वाटतं. मधी गेलं की मी डोळे मिटून घेते. पण साहेबापुढं पप्पाच्या तराफ्याला नाव कसं ठेवायचं?"
जवळ ओढलं तिला. आठवडाभर बसून मी अर्जात काय काय भरलं, आणि ही एवढीशी पोर डोळे मिटून...
साहेबांना फोन करून सांगावं का? काय सांगू, की माझी लेक खोटं बोलली? आणि ह्यांच्या कानावर गेलं तर ते पुन्हा तराफ्याला हात लावतील का? नाही लावला तर लेकरं कशी जातील?
उद्या शनिवार, सकाळची शाळा. दप्तर भरून ठेवलंय तिनं. पाठवू का नको, अजून ठरत नाही.