कपाटावरचा निळा दिवा

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईची तब्येत बरी आहे, माझीही. तुझीही बरी असेल असं धरून चालते. हे शेवटचं वाक्य सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

पाकीट बघून हसला असशील. जी बाई दर आठवड्याला वर्तमानपत्रातून लोकांना फोन कसा वापरावा हे शिकवते, ती स्वतः कागद-पेन घेऊन बसली. कारण साधं आहे. फोनवर काही लिहिलं की तू त्यावर अंगठा उमटवतोस आणि विषय मिटतो. कागदावर अंगठ्याची सोय नाही.

आधी बातम्या. सदर नीट चाललंय. जुना फोन दुसऱ्याला देण्याआधी त्यातलं काय काय पुसावं, यावर मागच्या वेळी लिहिलं. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं होतं, फोन भरलाय, काय काढू? मी कळवलं, रोज सकाळी येणारी शुभेच्छांची फुलं काढा. त्यांचं उत्तर आलं, ‘फुले काढली. फोन पळू लागला. परंतु आता पाठवणारे विचारतात, आमची आवडली नाहीत का? यावर उपाय सुचवावा.’ यावर उपाय नाही, हे सभ्य शब्दांत कसं लिहावं याचा अजून विचार चालू आहे.

आईला एका भामट्याचा फोन आला होता. ‘आजी, तुमचं खातं बंद पडणार आहे, फोनवर आलेला आकडा सांगा.’ आई म्हणाली, ‘माझी मुलगी याच विषयावर लिहिते. आधी तिचा लेख वाच, मग फोन कर.’ त्यानं ठेवून दिला. मी खूश झाले, आणि थोडी चकितही. ती माझं सदर मन लावून वाचते, हे मला तोवर खरं वाटत नव्हतं. मला वाटायचं, नुसतं माझं नाव बघते आणि घडी घालून ठेवते.

आता मुद्द्यावर येते. बराच वेळ पेनशी खेळून झालं.

आईकडचं इंटरनेट बंद पडलेलं नाही. तुला कळवलं ते खोटं होतं. माणूस दुरुस्तीला येणार आहे, हेही खोटं. कॅमेऱ्याची वायर मी ओढून काढली.

तू परदेशातून तो कॅमेरा पाठवलास तेव्हा मीच तो कपाटावर बसवला होता. पासवर्ड बदलला, आपल्या तिघांशिवाय कुणाला दिसणार नाही अशी सोय केली आणि आईला समोर बसवून समजावलं. ‘दादाला तुझी काळजी वाटते. पडलीबिडलीस तर त्याला लगेच कळेल. तुला काही करायचं नाही, कॅमेऱ्याकडे लक्षसुद्धा द्यायचं नाही.’ ती ‘बरं’ म्हणाली. आईचं ‘बरं’ तुला माहीत आहे. तो होकार असतोच असं नाही.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा ती खुर्चीत. कपाटासमोरच्या. दुपारी आडवं व्हायची तिची सवय तुझ्या-माझ्या जन्माआधीची, ती सुटली. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट. वाटाणे नसतील तर शिवण. पाठ ताठ, शाळेतल्या फोटोसारखी. गेल्या आठवड्यात तिचे पाय बघितले, घोट्यांपाशी सुजले होते. बोट दाबलं तर खळगा राहायचा.

‘आई, जरा आडवी हो ना.’

‘आत्ता नको. तो आहे.’

‘कोण आहे?’

तिनं हनुवटीनं कपाटाकडे खूण केली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘त्याच्यासमोरून उठून कशी जाऊ? बरं दिसत नाही.’

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. दादा, मी इतकी चिडले की स्टुलावर चढले आणि वायर ओढली. आई शेंगांचं ताट उचलून आत गेली. मला वाटलं, सुटली.

माझी सवय तुला ठाऊक आहे. घरी येऊन रोजनिशीत लिहिलं, ‘आईच्या पायांसाठी केलं.’ मग ते वाक्य वाचलं आणि पुरतं खरं वाटेना. मी रोज तिच्याकडे जाते. माझ्यासाठी ती कधी केस विंचरून बसली नाही. मी आले की म्हणते, ‘आलीस? दळण आणलंस का?’ तुझ्यासाठी मात्र इस्त्री. वायर ओढताना माझ्या हातात पायांची काळजी किती आणि हा मत्सर किती, ते मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. दोन्ही होतं, एवढं लिहून पुढे जाते.

पाय आता उतरलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसून बसून झालं होतं, दुसरं काही नाही. ती चिंता करू नकोस.

पुढचं उद्या लिहिते. तेच लिहायला बसले होते, आणि तेच राहिलं.

१५ मार्च

वायर काढली त्या दिवसापासून आई रोज विचारायची, ‘लागलं का गं इंटरनेट?’ म्हणजे मी तुला मारलेली थाप तिलाही मारली होती. काल सकाळी, हे पत्र सुरू करण्याआधी, मला ते सहन होईना. तिच्या खोलीत बसून सांगून टाकलं, ‘आई, ते बिघडलेलं नाही. मी बंद केलंय. तुला दिवसभर त्याच्यासमोर बसायची गरज नाही. तो काही सारखा बघत नसतो.’

‘बघतो,’ आई म्हणाली.

‘अगं, नोकरी करणारा माणूस तो.’

‘तूच लिहिलं होतंस ना? कॅमेऱ्याचा छोटा निळा दिवा लागला, की समजावं पलीकडून कुणीतरी बघतंय.’

लिहिलं होतं. घरात असे कॅमेरे असणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी, त्यात तिसरा का चौथा मुद्दा होता तो. लोकांनी परक्या नजरेपासून सावध राहावं म्हणून लिहिलेला. आपली आई तो घेऊन कपाटासमोर बसेल, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय मग. तो दिवा दिवसभर लागलेला असतो. त्याच्याकडे सकाळ असते तेव्हा लागलेला, दुपार असते तेव्हा लागलेला. रविवारी तसाच, सोमवारी तसाच. माणूस कामावर जात असेल तर हे कसं?’

मी म्हटलं, ऑफिसात बसूनही फोनवर दिसतं.

‘दिवसभर? साहेबासमोर आईला बघत बसतो होय? तू बावळट नाहीस, मलाही समजू नकोस.’

तिनं पांघरुणाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाली, एकदा दुपारी कॅमेऱ्यातून आवाज आला. तुझ्याकडून बोलायचं बटण चुकून दाबलं गेलं असणार. तुझ्या खोलीतला आवाज होता तो. टीव्ही नव्हता, कुणाचं बोलणं नव्हतं. तू नाक ओढलंस. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

‘तू बोलली नाहीस त्याच्याशी?’

‘काय बोलू? त्याला ठाऊक नव्हतं मला ऐकू येतंय ते. शरमला असता. मी आपल्या शेंगा जरा जोरात सोलल्या. आवाज जाऊ दे म्हटलं तिकडे.’

दादा, मी तिला कैदी समजत होते. तू तिच्यावर पहारा ठेवलास असं मला वाटत होतं. आणि ती तिथं तुला सोबत करत बसली होती. पाय सुजेपर्यंत. ‘मी उठले तर तो कुणाकडे बघेल?’ हे तिचे शब्द, माझे नाहीत. आणि नेमका तोच दिवा मी विझवला. माफ कर.

तुझी नोकरी गेली, का तू सोडलीस, का तब्येत बरी नाही, मी विचारत नाही. आईनंही विचारू नको म्हणून बजावलंय. ‘सांगायचं तेव्हा सांगेल. लहानपणी गुडघा फुटला तरी तीन दिवस लपवायचा. खपली धरली की मग दाखवायला यायचा.’ पण तू आम्हाला दिसत नाहीस, हे काही बरोबर नाही. कधीही विचारलं की म्हणतोस, माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलाय. मी याच विषयावर लिहिते रे. कॅमेरा इतके महिने बिघडलेला राहत नाही. माणूस राहतो.

म्हणून हे पत्र, आणि सोबतचं पार्सल.

आईशी वाटाघाटी केल्या. कपाटावरचा कॅमेरा आज पुन्हा सुरू झालाय. पण खुर्ची हलवली आहे, आता ती खिडकीपाशी असते, आणि आई तिथं हवं तेव्हाच बसणार. कॅमेऱ्याला तिनं टोपी शिवली आहे. जुन्या मोज्याची, वर गोंडा लावून. टोपी घातली म्हणजे ती झोपली आहे. कॅमेरा बंद पडला, असं समजून मला फोन करू नकोस. टोपी काढली म्हणजे ती आहे. आज दुपारी तिनं ती पहिल्यांदा घातली तेव्हा कॅमेऱ्याला सांगितलं, ‘मी जरा पडते रे. तूही पड.’ तुला ऐकू गेलं असेल. निळा दिवा लागलेला होता.

आता तिची अट. ती म्हणाली, ‘त्याला मी दिसते, मला तो दिसत नाही. हा कुठला न्याय?’ मी म्हटलं, त्याला चेहरा दाखवायचा नाहीये, आई. ती म्हणाली, ‘चेहरा नको दाखवू. किटली तरी दाखव म्हणावं.’

तिला काय हवंय ते समजायला मला वेळ लागला. समजलं तेव्हा अख्खी संध्याकाळ दुकानात आणि मग घरी सूचनापत्रकं वाचण्यात घालवली. माझ्या सदरात मी सांगत असते की गरज नसलेली वस्तू घेऊ नका. ही घेतली.

डब्यात एक पांढरा प्लग आहे. तुझ्याकडच्या भिंतीच्या खाचांत बसेल असाच शोधून आणलाय. तो भिंतीत खोच आणि तुझी विजेची किटली त्यात लाव. फोनवर कसं जोडायचं ते मागच्या पानावर चित्रं काढून दिलंय. तुला कशाला चित्रं म्हणशील. रेडिओ उघडून मला त्याच्या पोटात काय असतं ते तूच दाखवलंस. पण माणसाला काही दिवस असे येतात की साधं कामही डोंगर वाटतं, म्हणून चित्रं. एका बैठकीत झालं नाही तर राहू दे, दुसऱ्या दिवशी कर.

एवढं केलंस म्हणजे तू चहाला पाणी ठेवलंस की आईच्या पलंगाशेजारचा दिवा आपोआप लागेल. पिवळा लागेल. निळा नको म्हणाली. थोड्या वेळानं आपोआप विझेल. बस. त्यातून तुझा आवाज येत नाही, तुझी खोली दिसत नाही, काही नाही. तू उठलास आणि पाणी ठेवलंस, इतकंच आम्हाला कळेल. तुझी सकाळ म्हणजे आमची दुपार, तेव्हा आई नेमकी आडवी असते. मी म्हटलं, झोपमोड होईल. ती म्हणाली, ‘होऊ दे. त्याच्या जन्मापासून सवय आहे.’

आमच्या बाजूचं सगळं जोडून झालंय. इथल्या भिंतीत बसणारा तसाच एक प्लग आणून त्यात माझी किटली लावून बघितली, चालतं. दिवा लागला तशी आई उठून बसली, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, ‘मी आहे, मी आहे.’ ‘माहीत आहे,’ म्हणाली, पण दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘चांगला आहे. डोळ्यांना त्रास नाही.’ आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘तुझ्या घरीपण एक लाव. तू उठलीस का तेही कळू दे.’ दादा, मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. पण लावला. वर लिहिलेल्या मत्सराची तेवढ्यानं बरीच सोय झाली.

एक सूचना. पार्सल पोचून आठवडा झाला आणि दिवा लागला नाही, तर आई स्वतः तुझ्याकडे येणार आहे. हे मी गमतीनं लिहीत नाही. तिनं माळ्यावरची बॅग काढून घेतली, पुसली आणि दारामागे ठेवली आहे. पारपत्राची मुदत मला वाचून दाखवायला लावली. विमानात बसल्यावर फोनचं काय करायचं तेही विचारून घेतलंय. मी सांगितलं तर म्हणाली, ‘हे तू लिहिलेलं नाहीस अजून. लिही. लोकांना उपयोगी पडेल.’

आणि तुझ्या मनात एवढ्यात इकडे यायचं असेल, चार दिवस, चार महिने, कितीही, तर तुझी खोली आहे तशीच आहे. फक्त टेबलावर आईच्या शिवणाचा पसारा आहे. तो हलवायला तिला आनंदच होईल. कामाचं पुढे बघू. मला इथं या सदराच्या कामात खरोखर एका माणसाची गरज आहे. वाचकांची पत्रं वाढलीत आणि निम्म्यांची उत्तरं मला येत नाहीत. मास्तरांच्या फुलांवर काही सुचलं तर कळव.

पहिल्या वाक्याकडे परत यायचं होतं. तुझी तब्येत बरी असेल असं मी यापुढे धरून चालणार नाही. तू पाणी ठेव. म्हणजे कळेल.

पलंगाशेजारच्या दिव्याकडे तोंड करून झोपलेली आई, आणि तिच्या खुर्चीत बसून हे लिहिणारी

तुझी बुटकी

ता. क. आई जागी झाली. तिनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: ‘दूध घालायला विसरू नकोस. कोरा पिऊन पित्त होतं तुला.’