खाणीतले तीन ठोके

३ मे १९६१
पोचले एकदाची बेटावर! काम पक्ष्यांची घरटी मोजायचं. दारातच आयडर बदकीण अंडी उबवत बसलीय. घरमालकीण तीच, मी भाडेकरू. बेटावर माणसं अकरा, सील शंभरावर. भिंती, वाटा, थडगी, सगळं पाटीच्या दगडाचं. गेल्या शरदात माझ्या नवऱ्याची, कलमची, होडी इथेच रिकामी सापडली. तो मात्र सापडला नाही. म्हणूनच ही नोकरी मागून घेतली, उगाच कशाला लपवू.

६ मे
पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीत समुद्र भरलाय. दुपारी खालून तीन ठोके आले. मला वाटलं, पाणमांजर शिंपला फोडत असेल. होडीवाल्या निनियनला सांगितलं, तर त्याचा चहाच सांडला. म्हणाला, ही खाणीची रीत. खालचा तीन ठोके देतो: वर आहेस का? वरचा दोन देतो: आहे. मग तो वर येईपर्यंत जागा सोडायची नाही. ऐंशी वर्षांपूर्वी समुद्र आत घुसला, तेव्हा वर निनियनचे आजोबा होते. ते उत्तर देऊन पळाले. एकोणीस माणसं खालीच राहिली.
"ऐकू आलं तर येऊ दे, पोरी. उत्तर तेवढं देऊ नकोस."

९ मे
पुन्हा ठोके. कलमही दारावर तीनच वाजवायचा. सगळेच तीन वाजवतात, कळतं मला. तरी रडले.

११ मे
दिलं उत्तर. दगडाने, दोन. खाली क्षणभर शांत, मग भराभर ठोके, जणू आनंदाने. सील सगळे पाण्याबाहेर आले. बदकीण अंडी टाकून गेली. निनियन होडी घेऊन आला, चल म्हणाला. तुझ्या आजोबांसारखी पळू का, असं विचारलं मी. फार लागलं त्याला. होडी वळवून गेला.

१२ मे
पाण्यात हात दिसला. खाणीच्या पायऱ्या उतरलेय, पाणी कमरेला, वही वरच्या पायरीवर, एका हाताने लिहितेय—
धरला. कलमचा नाही. कुणा म्हाताऱ्याचा, नखांत पाटीच्या दगडाची निळी भुकटी. विचारतो, "एवढा उशीर का लावलास?" काय सांगू—
खाली अजून ठोके. कितीतरी. हा आला की पुढचा, मग त्याच्या पुढचा—
मी ओढतेय की तो— पाणी छातीला. सोडणार नाही. कलम, तू कितवा आहेस, तेवढं—